ड्युटीचं कार्ड

रेणू मॅडम हसत नाही, रडत नाही, चिडत नाही, पण वेळेवर येते. सालेकसा तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत विचारा, हेच सांगतील. वेळेवर येण्याची सवय जुनी. बाकीच्या तीन गोष्टी गेल्या दिवाळीनंतरच्या, तिचा नवरा उमेंद्र फौजेतून पेटीत घरी आला तेव्हापासूनच्या.

ती विशेष शिक्षिका आहे. ज्या लेकरांना ऐकू येत नाही, दिसत नाही, बोलता येत नाही, किंवा ज्यांचं डोकं आपल्याच वेगळ्या वाटेनं चालतं, त्यांना शिकवायचं. शाळेत येत असतील तर शाळेत, नाही तर घरी जाऊन. स्कूटीच्या हुकाला कार्डांची थैली, डोक्याला रुमाल, आणि मोहाच्या झाडांमधल्या रस्त्यानं एकटी बाई. लोक आधी विचारायचे, "मॅडम, भेव नाही लागत का?" आता कोणी विचारत नाही. तिच्याकडे पाहून भिण्यासारखं काही उरलं असेल असं वाटतच नाही.

कोणी थोर विचार करून ती या वाटेला आली असं मात्र समजू नका. माहेर आमगावचं, बापाचं भांड्यांचं दुकान. साध्या डी.एड.ला नंबर लागला नाही, विशेष शिक्षणाच्या डी.एड.ला लागला, बस. पण एकदा त्यात पडल्यावर तिनं ते मन लावून केलं. लग्न उमेंद्रशी झालं. सालेकस्याच्या अलीकडचं गाव, घरी धानाची शेती, सासरे यादोराव, सासू अनुसयाबाई, धाकटा दीर ओमेश. नवरा फौजी म्हटल्यावर वर्षातून दोनदा छुट्टी. एक लग्नसराईत कुठे तरी, आणि एक हमखास पोळ्याला. त्याचं ठरलेलंच होतं. पोळ्याला तो बैलांच्या शिंगांना बेगड लावायला घरी नसला तर यादोरावांना सण झाल्यासारखाच वाटत नसे.

मग रुची झाली. गोरी, मोठ्या डोळ्यांची, नावाला जागणारी. ती हाक मारल्यावर मागे वळून पाहत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, चमचा तासन्‌तास गोल फिरवत बसते, हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. रेणूला दिसत नव्हतं. दुसऱ्यांच्या लेकरांत जे ती दारातून ओळखायची, ते स्वतःच्या पोरीत ओळखायला तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी नागपूरच्या डॉक्टरनं स्वमग्नता म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं नुसती मान हलवली. त्या दिवशी उमेंद्र फोनवर खूप रडला. रेणूनं त्याला समजावलं. ती तेव्हा समजावू शकायची.

आता पट्टीचं सांगतो, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुढे जायची नाही. रुचीसारख्या लेकराला तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, पण डोळ्यांपुढे ठेवलेलं पक्कं बसतं. म्हणून भिंतीवर एक कापडी पट्टी लावतात. तिच्यावर वरून खाली दिवसाची कार्डं चिकटवायची, चपलेच्या पट्ट्याला असते तशा चर्रकन सुटणाऱ्या चिकटपट्टीनं. चहा, आंघोळ, शाळा, जेवण, बैलांना चारा, झोप. काम झालं की लेकरानं ते कार्ड काढून खाली ठेवलेल्या डब्यात टाकायचं. त्या डब्याचं नाव 'संपलं'. रुचीचा डबा म्हणजे तुपाचा जुना पत्र्याचा डबा होता. सकाळी डबा उघडायचा, कार्डं काढायची, पुन्हा दिवस लावायचा, कधी रुचीनं, कधी रेणूनं.

आणि या पट्टीचा एकच कायदा. तिच्यावर खोटं लावायचं नाही. रेणू तालुक्यातल्या एकेका आईबापाला हे बजावून सांगायची. "पाहुणे येतील की नाही माहीत नसेल तर पाहुण्याचं कार्ड लावू नका. लेकराचा तुमच्यावर भरोसा नसला तरी चालते, पट्टीवर असला पाहिजे." एका बाईनं पोराला गप्प बसवायला जत्रेचं कार्ड लावलं होतं, तर तिला रेणू अशी बोलली की ती बाई महिनाभर तिच्यासमोर आली नाही. तेव्हा ती चिडायची.

उमेंद्रला हे सगळं फार आवडलं. रेणूनं त्याच्यासाठी कार्डांचा छोटा संच केला होता, हा संच तो पाकिटात घेऊन फिरायचा. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला की तो हसतहसत बंदुकीच्या चित्राचं कार्ड दाखवायचा, ड्युटी. रुची पट्टीजवळ जायची, 'बाबा' लिहिलेलं त्याच्या फोटोचं कार्ड आणि त्याच्या बाजूला ड्युटीचं कार्ड, दोन्ही नीट दाबून लावायची. डोंगरात पोस्टिंग असलं की पंधरा-पंधरा दिवस फोन लागायचा नाही, म्हणून रेणूनं आणखी एक कार्ड केलं होतं. फोनचं चित्र, त्याच्यावर लाल फुली. रेंज नाही. आणि एक चौथं, घराच्या दाराचं, ते फक्त पोळ्याच्या आधी निघायचं. बाबा, घर.

रुचीला डोक्याला कोणी हात लावलेला चालत नाही. वेणी घालणं म्हणजे रोजची लढाई, रेणूच्या मनगटावर चावल्याचे वण आहेत. त्यातून सूट एकट्या उमेंद्रला होती, तीही वर्षातून एका सकाळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना आमच्याकडे नारबोद निघते. गवताकाड्यांची बाई करतात, आणि डफडी बडवत, बोंब ठोकत तिला गावाच्या शिवेबाहेर नेतात, की बाई गं, गावातली रोगराई घेऊन जा. रुचीला आवाज अंगावर येतो. उमेंद्र खाटेवर तिच्या मागे बसायचा, आपले दोन्ही तळवे तिच्या दोन्ही कानांवर ठेवायचा, आणि नारबोद शिवेपार जाईपर्यंत उठायचा नाही. ती हलायचीसुद्धा नाही. रेणू तेव्हा चुलीपाशी असायची. हे तिनं लांबूनच पाहिलेलं.

त्या वर्षी जादा मिळालेली छुट्टी संपवून दिवाळीनंतर तो गेला आणि डोंगरातल्या रस्त्यावर गाडी घसरली. गाडीत होते ते कोणीच वाचले नाहीत.

पेटी आली त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. घोषणा, बिगुल, बंदुकांची सलामी. रुचीला हे सहन झालं नसतं. आदल्या दिवशीच रेणूनं तिला आमगावला माहेरी पाठवून दिलं, सोबत तिची पट्टी, तिचा डबा, सगळं बांधून. लोक म्हणाले, पाहा, एवढ्या दुःखात बाईचं डोकं कसं जाग्यावर आहे. खरंच जाग्यावर होतं. तिनं पाहुण्यांच्या चहाचं पाहिलं, साहेबांच्या खुर्च्यांचं पाहिलं. चितेला अग्नी ओमेशनं दिला. रेणू एका जागी उभी होती, आणि तिला सगळं शेजारच्या घरात चालल्यासारखं ऐकू येत होतं. बायका म्हणत होत्या, रडवा तिला, कोणी तरी रडवा. ती काही रडली नाही.

रुची परत आली. घरात आल्याआल्या पट्टीपाशी गेली, बाबा लावला, ड्युटी लावली, आणि आईकडे पाहिलं. तेव्हाच खरं सांगायचं होतं. रेणूनं हात पुढे केला आणि रेंज नाहीचं कार्ड लावलं. बाप्पा, पाहा आता! दुसऱ्या कोणाच्या घरी खोटं बोलायला काही रचावं तरी लागतं. या घरात बाप नसण्याची कार्डं आधीपासून तयार होती. एक नवीन रेघ ओढावी लागली नाही.

आणि मग ते रोजचंच झालं. सकाळी अनुसयाबाई चहाचा कप घेऊन पट्टीसमोर येऊन उभी राहायची. "बाबा कुठी आहे वो रुची?"

रुची कार्डावर बोट ठेवायची. "डूटी."

"हो माय. डूटी." म्हातारी हे ऐकायची, मग चहा प्यायची, मग तिचा दिवस सुरू व्हायचा. उमेंद्रचा फोटो भिंतीवर होता, पण त्याला हार नव्हता. रुचीच्या नजरेला पडेल म्हणून रेणूनं घालू दिला नव्हता. पोरगी शांत होती. घर शांत होतं. रेणू चौदाव्या दिवशी कामावर गेली आणि तेव्हापासून एकही सुट्टी घेतली नाही. जेवणाला चव लागत नव्हती, पण ती जेवत होती. कोणी काही विचारलं तर उत्तर देत होती. हिवाळा गेला, मोह फुलला, तेंदूपानं तोडून झाली, धानाच्या रोवण्या झाल्या.

त्याच उन्हाळ्यात लाल्या बैल मेला. म्हातारा झाला होता. रुची गोठ्यात त्याच्या पोटावर हात ठेवून बसली, पोट वरखाली होत नव्हतं. ट्रॉलीत घालून त्याला नेलं तशी ती आत आली, पट्टीवरून लाल्याचं कार्ड काढलं आणि डब्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डब्यातली सगळी कार्डं काढली, लाल्याचं तेवढं तळाशी राहू दिलं. कोणी शिकवलं नव्हतं तिला. रेणूनं हे पाहिलं. तालुक्याच्या विशेष शिक्षिकेनं पाहिलं, आणि चहा ठेवायला निघून गेली.

श्रावण सरत आला आणि एक दिवस रुचीनं कार्डांच्या थैलीतून घराच्या दाराचं कार्ड शोधून काढलं. पोळ्याचं कार्ड आपलं आपण पट्टीच्या खालच्या टोकाला लावलं, आणि त्याच्याशेजारी बाबा, घर. मग ती टाळ्या वाजवत अंगणभर फिरली.

एका वर्षी उमेंद्रची छुट्टी दोन दिवस लांबली होती. तेव्हा रुचीनं भिंतीवर डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं होतं, टाके पडले होते. तेव्हा बाप दोन दिवसांनी आला तरी. आता येणारच नव्हता, आणि पोळा तर दारात आला होता.

त्याच आठवड्यात गोंदियाला प्रशिक्षणाचा निरोप आला. प्रशिक्षण म्हटलं की काय असतं ते शिक्षकांना विचारा. सही, चहा, दोन बिस्किटं, भाषण, फोटो आणि गाडी चुकेल म्हणून साडेचारपासून चुळबूळ. पण याचा विषय जरा वेगळा होता. फौजी घरांतली लेकरं, त्यातही ज्यांना वेगळी मदत लागते अशी लेकरं, आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या माणसांनी काय शिकायचं. रेणू दुसऱ्या रांगेत बसली. हॉलभर बायका-माणसं तिच्याकडे चोरून पाहत होती. तिला ते कळत होतं आणि काही वाटत नव्हतं.

शिकवायला नागपूरहून दुर्गेश्वरी मॅडम आल्या होत्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज खणखणीत. फौजी लेकरांच्या शाळेत उमर घालवलेली बाई. पडद्यावर वाचून दाखवणारी नव्हती, हे बरं होतं.

"फौजीच्या घरात बाप नसणं हीच रोजची सवय असते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या घरात बाप मेला की त्याची खुर्ची रिकामी दिसते, इथे ती आधीच रिकामी असते. म्हणून लेकराला वाटतं, काहीच बदललं नाही. आणि आपण काय म्हणतो? शांत आहे बिचारं, चला, छेडू नका. असं नका करू. ते शांत नाही. ते वाट पाहतंय."

रेणूनं ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. खाली रेघ मारली.

मग मॅडमनी कसं सांगायचं ते सांगितलं. देवाघरी गेले म्हणायचं नाही, लेकरू देवळात शोधायला जातं. झोपले म्हणायचं नाही, लेकरू झोपायला भितं. दूर गेले म्हणायचं नाही, ते तर नेहमीच दूर होते. मेले म्हणायचं. अंग थांबलं, आता चालणार नाही, आता येणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही. एवढंच सांगायचं, आणि लेकरापाशी बसून राहायचं.

दुपारच्या जेवणानंतर जोड्या लावल्या. एकानं लेकरू व्हायचं, दुसऱ्यानं सांगायचं. रेणूच्या वाट्याला आमगावचे चंद्रकुमार सर आले. पोटाचा घेर असा की बाकात मावत नाही, आणि दहा वर्षांपासूनचे सहकारी. ते लेकरू झाले. मान खाली घालून म्हणाले, "बाई, बाबा कवा येईन?"

"बाबा येणार नाही," रेणू म्हणाली. "बाबा मेले. त्यांचं अंग थांबलं. आता ते चालणार नाही, बोलणार नाही. तुझी काही चूक नाही. मी तुझ्याजवळ बसली आहे."

आवाज कापला नाही, शब्द अडला नाही. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. दुर्गेश्वरी मॅडमना रेणूचं काहीच माहीत नव्हतं. त्या खूष होऊन म्हणाल्या, "असं! अजिबात न डगमगता. पाहिलं का सगळ्यांनी?" टाळ्या मध्येच थांबल्या, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांना माहीत होतं. चंद्रकुमार सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांनी रुमाल काढून शेंबूड आल्यासारखं केलं.

"आणि याचं कार्ड दाखवा बरं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे कार्डं फार छान करतात असं ऐकलं मी."

रेणूनं थैली उघडली. तालुकाभर वापरतात ती कार्डं, सगळी तिनं काढलेली. 'दात घासायचे' होतं, 'पोट दुखतं' होतं, 'वीज गेली' होतं, 'बस आली नाही' होतं. ते नव्हतं.

"नाही मॅडम. ते कार्ड नाही आपल्याकडे."

"कधी लागलंच नाही?"

"लागलं," रेणू म्हणाली. "काढलं नाही."

चहाच्या वेळी चंद्रकुमार सर तिला व्हरांड्यात गाठून उभे राहिले. त्यांना गोडगोड बोलता येत नाही. "रुचीले सांगितलं का?"

"नाही."

"काऊन?"

रेणूनं बशीतलं बिस्किट उचललं.

"पोळा येऊन राहिला मॅडम. तुम्हीच तं साऱ्याईले सांगता, पट्टीवर खोटं लावू नका म्हणून. मंग आपल्याच घरी कायले लावून ठेवलं? तुमचीच पोरगी आहे का कोन आहे ते?"

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर राग यायला हवा होता. रेणू राग यायची वाट पाहत उभी राहिली. आला नाही. तिनं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून कपात पडलं, आणि ती तसाच चहा प्यायली. परतीच्या गाडीत आमगाव येऊन गेलं तरी तिच्या मनात एकच गोष्ट होती. मेल्याचं चित्र काढायचं कसं. सालेकसा आलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की चित्र काढायची गरजच नाही. रुचीनं ते कधीचंच काढून डब्याच्या तळाशी ठेवलं आहे.

घरी आल्यावर ती हातपाय धुऊन सासू-सासऱ्यांपुढे बसली. "आत्याबाई, मामाजी, मी रुचीले सांगणार आहे. पोळ्याच्या आधी."

अनुसयाबाई तांदूळ निवडत होती. सुपातला हात तिथेच थांबला. "राहू दे नं वो. तिले काय समजते? कायले सांगतेस?"

"ती वाट पाहून राहिली आत्याबाई. पोळ्याच्या दिवशी डोकं फोडून घेईन."

"मंग पोळा झाल्यावर आणखी एक कार्ड लावजो. तुले येते नं करता. छुट्टी रद्द झाली म्हणून लावजो." म्हातारीचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "तिच्या पट्टीवर तरी माहा पोरगा जिता आहे रेणू. तो बी काढून टाकतेस का?"

यावर काय बोलणार?  बोलले ते यादोराव, जे दिवाळीपासून जेवायला वाढ आणि दार लाव याच्यापुढे बोलले नव्हते. "आपण काय पट्टीवर जगून राहिलो का वो?" ते म्हणाले. "सांगू दे तिले. पोरीले फशीवनं बंद करा." आणि उठून गोठ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भरदुपारी रेणू रुचीला गोठ्यात घेऊन गेली, लाल्या बांधलेला असायचा त्या रिकाम्या जागी. सोबत पट्टी आणि डबा. दाराआड सासू उभी आहे हे तिला ठाऊक होतं. तिनं डबा उघडला आणि तळातून लाल्याचं कार्ड काढून जमिनीवर ठेवलं.

"लाल्या मेला," रेणू म्हणाली. "लाल्याचं पोट थांबलं. लाल्या येत नाही."

रुची कार्डाकडे पाहत होती. रेणूनं पट्टीवरून बाबाचं कार्ड काढलं आणि लाल्याच्या शेजारी ठेवलं.

"बाबा मेले. लाल्यासारखे. बाबाचं अंग थांबलं. बाबा ड्युटीवर नाही. बाबा पोळ्याला येणार नाही. तुझी काही चूक नाही."

गोंदियाला म्हटलं तसंच म्हटलं. शब्द अडला नाही. मग ती, सांगितलं होतं तशी, जवळ बसून राहिली.

 रुची बोटानं जमिनीवर, लाल्या लोळायचा तिथे, रेघोट्या ओढत राहिली. मग तिनं दोन्ही कार्डं उचलली, एकावर एक ठेवली, डब्यात टाकली आणि झाकण दाबून बसवलं. जेवणाचं कार्ड काढून आईच्या हातात दिलं. तिला भूक लागली होती.

"समजलं नाही तिले," दाराआडून अनुसयाबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटका होती. "पाहा, जेवाले मांगून राहिली. बरं झालं माय." पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन पट्टीसमोर आली नाही. यादोरावांनी बाजारातून प्लास्टिकच्या फुलांचा हार आणला आणि खुर्चीवर चढून फोटोला घातला.

पोळ्याच्या दिवशी रेणूनं रुचीला नजरेआड होऊ दिलं नाही. दुपारी रुची नेहमीसारखी ओट्यावर जाऊन बसली, बाप यायचा त्या वाटेकडे तोंड करून. रेणू तिच्यापासून दोन हातांवर. ओमेशनं बैल सजवून काढले, पोळ्याची गाणी, झडत्या, म्हणून झाल्या, बैल घरोघर फिरले. रुची बैलांच्या घंटा पाहत बसली, आणि बैल संपले तशी उठून आत गेली. डोकं आपटलं नाही, ओरडली नाही. रेणूला वाटलं आत्याबाईंचंच खरं असावं. पोरीला काही कळलेलंच नाही, आज ना उद्या ते फुटेलच.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या बेताला रेणू उठली. चूल पेटवली, आधण ठेवलं आणि रोजच्यासारखी पट्टी लावायला बसली. डबा उघडला, कार्डं काढली. चहा लावला. आंघोळ लावली. शाळेला सुट्टी, म्हणून लाकडी बैल लावला, लेकरांच्या तान्ह्या पोळ्याचा. मग बाबा लावले, आणि त्यांच्या बाजूला ड्युटी.

तिच्या हातानं लावलं. तिला कळलंही नाही. डोळे चुलीकडे होते.

रुची उठून येऊन मागे उभी होती. ती पुढे झाली, चर्रकन बाबाचं कार्ड सोडवलं, मग ड्युटीचं. डब्यात टाकलं. झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून आईकडे पाहिलं. डोळ्याला डोळा देऊन पाहिलं.

"संपलं," रुची म्हणाली.

रेणू पट्टीच्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिली. पोरीला त्या दुपारीच कळलं होतं. ज्या बाईनं हॉलभर लोकांना न डगमगता सांगून दाखवलं होतं, तिचा स्वतःचा माणूस अजून ड्युटीवरच होता. मनातल्या मनात रोज सकाळी ती त्याला ड्युटीवर लावत होती, म्हणून तर रडायचं काही कारण नव्हतं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला डफडी वाजली आणि बोंब उठली. "घेऊन जा गे नारबोद!" रुची दचकली. तिनं खाटेकडे पाहिलं, खाट रिकामी होती. मग ती आईजवळ आली, पाठ फिरवून तिच्या पुढ्यात बसली, आईचे दोन्ही हात मनगटाला धरून वर ओढले आणि आपल्या कानांवर ठेवले.

आवाज दारावरून गेला, शिवेकडे जात राहिला. रेणूच्या तळव्यांखाली पोरीचे कान गरम होते. केव्हा सुरू झालं ते तिला कळलं नाही, पण ती रडत होती. हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत, त्या दिवशी बायका 'रडवा तिला' म्हणाल्या होत्या तशी. चुलीवरचं आधण उतू गेलं. अनुसयाबाई धावत आली आणि दारातच थांबली. रेणूला डोळे पुसायचे होते, पण हात मोकळे नव्हते, आणि नारबोद अजून शिवेपार गेली नव्हती.